बसून करायचं काम, पण कोणतं?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर पाळी काढायची म्हणजे तासन्‌तास उभं राहून मागांमधून फेऱ्या मारायच्या. त्यात उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर गेला, की अंग थंड ठेवायला हृदयाला त्वचेकडेही जादा रक्त पाठवावं लागतं. दमा, रक्तक्षय किंवा हृदयाचं दुखणं असलेल्या पोराला हे झेपत नाही. घरचे म्हणतात, ‘अंगचोर आहे.’ तो अंगचोर नसतो, हे आधी मान्य करायला हवं.

याचा हिशेब ‘मेट’ या एककात मांडतात. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, ती 1 मेट. खुर्चीतलं काम साधारण 1.5, सावकाश चालणं 3 च्या आसपास, गाठोडी उचलणं त्याच्या बरंच वर. रोज आठ तास टिकायचं, तर काम आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशात बसावं लागतं. धडधाकट तरुणाची क्षमता 10-12 मेट असेल, तर 3 मेटचं काम त्याला दिवसभर जमतं. ज्याची 6 पर्यंत घसरली आहे, त्याच्या हाती 2 च उरतात. त्याने टॅली, जीएसटी रिटर्न, डीटीपी, भाषांतर यांतलं काही निवडलं, तर त्यात कमीपणा कसला?

पण बसून काम म्हणजे हलकं काम, असं सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. विड्या वळणारी बाई बसूनच असते. मांडीवर सूप, मान खाली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, की पुढचं पान. मेटच्या हिशेबात हे किरकोळ. पण मान-खांद्याचे स्नायू सतत आखडलेले राहतात आणि आखडलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणून ती उठतही नाही. कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसणाऱ्यांचीही गत फारशी वेगळी नाही.

नुसत्या बसण्याचीही किंमत असते. 1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधक डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी तपासले. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. (ड्रायव्हरांच्या गणवेशाची कंबर मुळातच मोठी होती, हेही त्यांनीच पुढे दाखवलं, म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता.) म्हणून नोकरी बघताना पगाराच्या जोडीला एक गोष्ट जरूर विचारावी: अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं टाकता येतील का? पोटरीचे स्नायू हलले, की पायातलं रक्त वर ढकललं जातं. त्याला फार दम लागत नाही.

या कसोटीला उतरणारं एक काम सोलापुरात घरचंच आहे, ते म्हणजे चादरीचं डिझाइन. जेकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेसाठी, पूर्वी आलेख कागदावर चौकोन रंगवायचे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. आता ते संगणकावर होतं. काम तुकड्या-तुकड्याने करता येतं, मध्येच उठता येतं. आणि मागाच्या घरात वाढलेल्या पोराला ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, समजावून सांगावा लागत नाही. शिकायचं उरतं ते सॉफ्टवेअर.