कीव आणि करुणा: 'द फाउंटनहेड'चा नायक नेमकं काय नाकारतो?

आयन रँडच्या 'द फाउंटनहेड' (१९४३) या कादंबरीतला एक छोटा प्रसंग सहसा चर्चेत येत नाही, कारण त्यात ना लांब भाषण आहे ना स्फोट. पीटर कीटिंग हा एके काळचा यशस्वी आर्किटेक्ट. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचं होतं, आईच्या आग्रहापायी ते राहून गेलं. आता सगळं हातातून निसटल्यावर तो गुपचूप चित्रं काढतो आणि एके दिवशी ती कादंबरीचा नायक, आर्किटेक्ट हॉवर्ड रोर्क, याला दाखवतो. रोर्क एकेक चित्र नीट पाहतो आणि सांगतो, आता उशीर झाला, पीटर. कीटिंग निघून जातो आणि रोर्कला मळमळू लागतं. आपल्याला हे काय होतंय, ते त्याला आधी उमगतच नाही, कारण असं त्याला पूर्वी कधी वाटलेलं नसतं. मग कळतं, ही कीव आहे. या माणसात आता काही उरलेलं नाही, यातून पुन्हा काही उगवायचं नाही, ही खात्री. आणि एका माणसाबद्दल आपल्याला असं वाटतंय याची शरम. अशा भावनेला सद्गुण म्हणणाऱ्या जगात काहीतरी भयंकर चुकलेलं आहे, असं त्याच्या मनात येतं.

एवढ्यावरून वाचक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, रोर्क दगड आहे. काही, विशेषतः विशीत ही कादंबरी वाचून भारावलेले, म्हणतात की दया हा दुबळ्यांचा खेळ आहे आणि रोर्कने तो ओळखला. मीही काही काळ त्या दुसऱ्या घोळक्यात होतो. आज मला दोन्हीकडे एकच गल्लत दिसते: कीव आणि करुणा एकच धरली जाते.

खरं तर ही गल्लत व्हायला मराठीत फारसा वाव नाही. 'मला तुझी कीव येते' हे वाक्य आपण भांडणात वापरतो, ते शिवीच्या जवळ जातं. 'मला तुझ्याबद्दल कळवळा आहे' असं म्हणत कुणी कुणाला टोचत नाही. कीव करणारा उंचावर उभा असतो आणि समोरचा खाली पडलेला असतो. तो उठला तर कीव संपते, त्यामुळे तो पडलेला राहण्यातच तिचा जीव असतो. करुणेलाही दुसऱ्याचं दुःख दिसतंच, पण त्या दुःखाने अख्खा माणूस झाकला जात नाही. तो उठून चालू लागला तर करुणा करणाऱ्याचं काहीच कमी होत नाही.

पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात यासारखीच एक बारीक वाट दाखवली आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा (इथे अर्थ दुर्लक्ष नव्हे, समभाव) या चार भावनांपैकी प्रत्येकीचे त्याने दोन शत्रू सांगितले: एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो लगेच ओळखू येतो, कारण त्याचं तोंडच वेगळं असतं. जवळचा शत्रू म्हणजे हवं ते न मिळाल्याची किंवा हातचं गेल्याची घरगुती खिन्नता. ती दुःखासारखीच दिसते, म्हणून करुणेचं सोंग घेऊन आत शिरते. कीव आणि ही खिन्नता एक नव्हेत, पण तपासायची रीत तीच लागते. विरुद्ध टोकाच्या गोष्टीपेक्षा सारख्या दिसणाऱ्या गोष्टीवर जास्त नजर ठेवावी लागते.

असाच एक जवळचा शत्रू 'अहं'लाही आहे, आणि त्याने खुद्द लेखिकेलाही चकवलं. कादंबरीच्या शेवटी स्वतःवरच्या खटल्यात केलेल्या भाषणात रोर्क स्वतःच्या बाजूच्या माणसाला 'इगोटिस्ट' म्हणतो. पंचवीस वर्षांनी, १९६८च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, रँडने कबूल केलं की तिथे 'इगोइस्ट' हवं होतं, शब्दकोशाने आपली दिशाभूल केली. पहिला शब्द मीपणाची टिमकी वाजवणाऱ्याचा, दुसरा स्वतःच्या मनाने जगणाऱ्याचा. कादंबरीत हा भेद स्वच्छ आहे. फुशारकी मारणाऱ्या कीटिंगकडे 'मी' असा नाहीच, लोकांच्या डोळ्यांत जे दिसतं तेवढाच तो आहे. स्वतःबद्दल क्वचितच बोलणाऱ्या रोर्ककडे मात्र 'मी' भरपूर आहे. तेव्हा या कादंबरीत अहं विरुद्ध करुणा अशी सरळ लढत शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागणार नाही.

आता स्टीव्हन मॅलरीचा प्रसंग. हा तरुण शिल्पकार कंगाल, दारूत बुडालेला, पोटासाठी बाजारू मूर्ती घडवणारा. रोर्क त्याच्या खोलीवर जातो, कारण तो बांधत असलेल्या देवळासाठी त्याला शिल्प हवं आहे आणि त्याच्या मते मॅलरीइतका चांगला शिल्पकार दुसरा नाही. मॅलरीला वाटतं, ही थट्टा चालली आहे. मग तो कोसळतो, रडतो. रोर्क त्याचं सांत्वन करत नाही, पाठीवर हात फिरवत नाही. आपण स्वार्थापोटी आलो आहोत, असं तो स्पष्ट सांगतो, पण थांबतो. मॅलरी आपली भीती ओकत राहतो आणि रोर्क ऐकत बसतो. तिथली एक बाजारू मूर्ती तो भिंतीवर फेकून फोडतो. त्याचा राग अनावर झालेला असा क्वचितच दिसतो, आणि तो राग मॅलरीवर नसतो, मॅलरीवर जी वेळ आली तिच्यावर असतो. याला करुणा म्हणायचं नाही तर काय? लेखिका तो शब्द वापरायला तयार नाही, एवढंच.

पण इथेच मला एक खोच दिसते. रोर्कच्या मनातलं सगळं मार्दव बुद्धघोषाच्या तिसऱ्या भावनेतून, मुदितेतून येतं. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्याने होणारा आनंद. मॅलरीत त्याला शिल्पकार दिसतो, म्हाताऱ्या हेन्री कॅमेरॉनमध्ये गुरू आणि महान आर्किटेक्ट दिसतो, माइकमध्ये हातात कसब असलेला इलेक्ट्रिशियन दिसतो. आधी गुण दिसतो, मग जीव ओढला जातो. कीटिंगमध्ये गुण दिसला नाही आणि हाती उरली ती कीव. बरं, रोर्कने त्याला कधी दूर लोटलं होतं असंही नाही. वर्षानुवर्षं तो कीटिंगचे आराखडे विनातक्रार सुधारून देत होता. त्या मदतीनेच आपण तुझा नाश केला, असं तो पुढे त्याला सांगतो. कादंबरीतल्या खऱ्या नैतिक शहाणपणाच्या वाक्यांत मी हे धरतो, कारण यात रोर्क स्वतःलाही सोडत नाही.

कीव मुरत गेली की काय होतं, ते कॅथरीन हॉल्सीत दिसतं. ही मुलगी मनापासून समाजसेवेत शिरते. काही वर्षांनी ती आपल्या मामाला, एल्सवर्थ टूही या वजनदार समीक्षकाला, रडत सांगते की ज्यांना मदत करते त्यांचाच तिला तिटकारा येऊ लागला आहे. त्यांनी उपकार मानावेत असं वाटतं, आणि जे लाचारीने वागतात तेच आवडू लागले आहेत. तिचा प्रामाणिकपणा हलवून टाकणारा आहे. टूही तिला धीर देत नाही, तर उरलंसुरलं स्वत्वही सोडून द्यायला सांगतो. ती ते सोडते आणि शेवटी कोरडी, हुकमी, पक्की सरकारी बाई होऊन बसते. परोपकाराच्या भाषेआड टूहीला सत्ता हवी असते. त्याच्यासारखा माणूस आणि करुणामय माणूस शेजारी उभे केले तर शब्दांवरून फरक सांगता येणार नाही. मदत घेणारा उद्या त्याच्यावाचून चालू लागला तर त्याला बरं वाटेल का, यावरून मात्र सांगता येईल.

इथवर मी लेखिकेच्या बाजूने आहे. पण त्याच देवळाच्या पुढच्या कथेत ती मला पटत नाही. रोर्कने बांधलेलं मंदिर बदलून तिथे बौद्धिक वाढ मंदावलेल्या मुलांसाठी आश्रम केला जातो. शेजारच्या झोपडपट्टीतली चुणचुणीत, धीट पोरं आवारात चोरून शिरतात आणि मोठ्या खिडक्यांतून आत डोकावतात. आश्रमातल्या बाया त्यांना गुंड म्हणून हाकलून देतात. त्या पोरांच्या डोळ्यांतली भूक रँडने जीव ओतून लिहिली आहे. आतल्या मुलांना मात्र तिने एकदाही तशा नजरेने पाहिलेलं नाही. ती फक्त टूहीच्या ढोंगाचा पुरावा म्हणून तिथे आणलेली आहेत. एका मुलाला न्याय मिळावा म्हणून दुसऱ्याला रिकामं दाखवायची गरज नव्हती. कीटिंगकडे पाहताना रोर्कला निदान शरम वाटली होती. या मुलांकडे पाहताना लेखिकेला तीही वाटलेली दिसत नाही.