पोल बार्न (बिल्डरची किंवा किटची निवड)

पोल बार्न : जमिनीत पुरलेल्या लाकडी खांबांवर थेट छपराच्या कैच्या (ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) टेकवून आणि बाहेरून पन्हाळी पत्रा मारून उभी केलेली इमारत. इंजिनिअर लोक हिला पोस्ट-फ्रेम म्हणतात. अमेरिकेत, त्यातही मिडवेस्टच्या (उत्तर-मध्य राज्यांच्या) शेतीपट्ट्यात, हा प्रकार सगळीकडे दिसतो. गवताचे गठ्ठे, ट्रॅक्टर, घोडे, गुरं यासाठी तर आहेच, हल्ली वर्कशॉप, गॅरेज आणि राहायची घरंसुद्धा अशीच बांधतात. सलग पाया लागत नाही, खांब हाच पाया आणि खांब हाच सांगाडा, त्यामुळे काम झटपट उरकतं. नवीन बांधायचा ठरला की मालकापुढे दोन वाटा असतात, एकतर बिल्डरला सगळं काम देऊन टाकायचं किंवा किट (सामानाचा तयार संच) मागवून स्वतः उभारायचं. बरेच जण मधली वाट धरतात, किट एकाचं आणि उभारणारी माणसं गावातली, आणि वाद होतात ते बहुतेक याच वाटेवर.

उगम : मुळाबद्दल एकमत नाही. जमिनीत खांब पुरून त्यावर छप्पर चढवणं हे मानवाला फार आधीपासून येतं, मध्य युरोपातल्या नवाश्मयुगीन लांबघरांचे (इ.स.पू. साधारण 5500 पासून पुढे) खांबांचे खड्डे उत्खननात मिळालेत, आणि अमेरिकेतच बघायचं तर 17 व्या शतकात व्हर्जिनिया-मेरीलंडच्या चेसापीक भागात वसाहतवाल्यांची बहुतेक घरं अशीच मातीत खांब पुरून बांधलेली होती. काही लेखक पोल बार्नची वंशावळ इथपर्यंत नेतात. पण ती घरं थोड्या वर्षांत कुजायची हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं, आणि आजच्या पोल बार्नचा सगळा डाव खांब कुजू न देण्यावर चालतो, म्हणून हे नातं ओढूनताणून जोडल्यासारखं वाटतं. सध्याच्या प्रकाराचं श्रेय सहसा सेंट लुईसच्या डोन ॲग्रिकल्चरल सर्व्हिसचे संस्थापक एच. हॉवर्ड डोन आणि त्यांच्याकडे काम करणारे बर्नन जी. पर्किन्स यांना देतात. काळ 1930 च्या आसपासचा, मंदीचा, शेतमालाला भाव नाही आणि कोठार तर हवंच. डोन यांनी खांबांवरचं स्वस्त कोठार पुढे आणलं, पर्किन्स यांनी त्यात सुधारणा करून ते टिकाऊ केलं. पेटंटचा अर्ज 1949 चा, मंजुरी 1953 ची. या तारखांवरूनच 'शोध 1953 चा' असं काही ठिकाणी छापलेलं दिसतं, ते बरोबर नाही, तोवर अशा इमारती उभ्या राहून बरीच वर्षं झाली होती. दोघांनी पेटंटवरून कोणाला अडवलं नाही, उलट पद्धतीचा प्रचारच केला असं सांगतात, आणि ती इतकी झपाट्याने पसरली त्याचं हेही एक कारण असावं. दुसरा एक मत-प्रवाह असा की वापरलेले विजेचे खांब उभे करून शेतकरी स्वतःच अशी कोठारं बांधत होते, डोन-पर्किन्स यांनी त्याला फक्त शिस्त लावली. दोन्ही मतं एकमेकांना खोडत नाहीत, मात्र इंजिनिअरिंगच्या इतिहासात पहिल्यालाच जास्त वजन आहे.

किटचा इतिहास वेगळा आहे आणि तो पोल बार्नपेक्षा जुना. सीअर्स ही अमेरिकन कंपनी साधारण 1908 ते 1940 या काळात कॅटलॉगमधून घरं विकत होती, लाकूड कापून रेल्वेने यायचं, आणि कोठारंही तशीच मिळायची, पण ती पायावरची जुन्या पद्धतीची. पोल बार्नचं किट खऱ्या अर्थाने शक्य झालं ते 1950 च्या दशकात दातेरी लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या तयार कैच्या आल्यावर. कैची कारखान्यात बनून येते म्हटल्यावर उरतं ते खांब पुरणं, आडव्या पट्ट्या ठोकणं आणि पत्रा मारणं. आज मेनार्ड्ससारख्या मिडवेस्टमधल्या दुकानांत कॉम्प्युटरवर माप टाकून किटची यादी काढता येते. दुसऱ्या टोकाला मॉर्टन बिल्डिंग्ज (इलिनॉय, मूळ धंदा कुंपणाचा, 1903) किंवा लेस्टर (मिनेसोटा, 1947) यांच्यासारख्या, इमारत उभी करून देणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत.

खांब : किट असो की बिल्डर, पहिली चौकशी खांबाची करावी. पत्रा बदलता येतो, दार बदलता येतं, पुरलेला खांब बदलणं म्हणजे इमारत उचलून धरणं आलं. खांब खोल टोकाला सहसा कुजत नाही, तिथे हवा कमी असते. कुजतो तो जमिनीच्या पातळीशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. इथेच लाकडावरच्या औषधाचा कस लागतो. दाबाखाली क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं तेलकट औषध) भरायची पद्धत इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी 1838 मध्ये पेटंट केली, रेल्वेचे स्लीपर आणि तारेचे खांब तिच्यावरच टिकले. पोल बार्नमध्ये मात्र पुढे राज्य केलं ते सीसीए या तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या औषधाने, आणि त्याचे जनक आपल्याकडचे, डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधले सोंती कामेसन (1933). म्हणजे मिडवेस्टमधल्या हजारो कोठारांचे पाय डेहराडूनच्या नुस्ख्यावर उभे आहेत, पण अमेरिकन माहितीपत्रकांत हे नाव शोधूनही सापडत नाही. आर्सेनिकमुळे 2003 च्या अखेरीस घरगुती वापरातून सीसीए मागे घेतलं गेलं, शेतीच्या आणि काही रचनात्मक खांबांसाठी ते अजून चालतं. त्याच्या जागी एसीक्यू, कॉपर अझोल असली तांबंप्रधान औषधं आली, ती लोखंड जास्त खातात, म्हणून खिळे-बोल्ट गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस हवेत आणि उघडा पत्रा अशा लाकडाला थेट टेकता कामा नये. स्वस्तातल्या किटमध्ये नेमके खिळेच साधे निघतात.

खांबाच्या टोकाला एक बारीक लेबल ठोकलेलं असतं, त्यावर वापराचा वर्ग असतो, तो बघायचा. यूसी4ए म्हणजे साधा जमिनीचा संपर्क, कुंपणाला ठीक. इमारतीच्या खांबाला यूसी4बी हवा, सीसीएच्या बाबतीत म्हणजे घनफुटाला 0.60 पाउंड औषध. बिल्डरला 'लेबल दाखवा' म्हटल्यावर तो काय करतो त्यावरून बरंच कळतं. सहा बाय सहाच्या अखंड लाकडात औषध गाभ्यापर्यंत पोचत नाही, तर तीन पातळ फळ्या जोडून केलेल्या लॅमिनेटेड खांबात प्रत्येक फळी औषध पिते, म्हणून हल्ली बहुतेक इंजिनिअरांचा कल तिकडे आहे. त्यात खालचा भागच औषधाचा आणि वरचा साधा ठेवता येतो, पैसा वाचतो. साइटवर कापलेलं टोक खाली जाऊ द्यायचं नाही, कारखान्याचं टोक खाली.

खांब काँक्रीटमध्ये ओतावा की नाही यावर बिल्डरांत दोन तट आहेत. एका बाजूला म्हणतात काँक्रीट पाणी धरून लाकूड कुजवतं, दुसऱ्या बाजूला म्हणतात तसं काही नाही, औषध नीट असेल तर फरक पडत नाही. अभ्यासकांचा झुकाव दुसऱ्या बाजूला दिसतो, पण खरा प्रश्न वेगळाच आहे, वाऱ्याने छप्पर वर उचललं जातं तेव्हा खांबाला खाली धरून कोण ठेवणार. खांबाखाली नुसती काँक्रीटची चकती टाकली तर ती भार पेलते, पण उचल रोखत नाही. त्यासाठी खांबाला आडवे लाकडी तुकडे ठोकावे लागतात किंवा भोवती काँक्रीटची कॉलर ओतावी लागते. पुढून उघड्या शेडमध्ये वारा आत शिरून उचल आणखी वाढते, म्हणजे जिथे भिंत कमी तिथे खड्ड्यातलं काम जास्त. खोली हवामानावर ठरते, मिनेसोटाच्या कोडमध्ये उत्तरेत 60 इंच आणि दक्षिणेत 42 इंच, कारण त्याच्या वर जमीन गोठून फुगते आणि खांब वर ढकलते. ज्यांना लाकूड मातीत नकोच ते तयार काँक्रीटचे पाय किंवा ओतीव पिअरवर (काँक्रीटच्या बुटक्या खांबावर) लोखंडी ब्रॅकेट घेतात, महाग पडतं.

बर्फ आणि वारा : जाहिरातीतला '30 पाउंड स्नो लोड' (चौरस फुटामागे बर्फाचा भार) हा आकडा सगळ्यात फसवा. तो जमिनीवरचा की छपरावरचा हे विचारायलाच हवं. अमेरिकेतल्या एएससीई 7 या इमारतींवरच्या भारांच्या मानकात सपाट छपराचा भार काढताना जमिनीवरच्या भाराला मुळात 0.7 ने गुणतात, म्हणजे 30 चे 21 राहतात, आणि पुढे इमारत किती उघड्यावर आहे, आत ऊब आहे का यांचे गुणक लागतात, वापर काय हेही हिशोबात येतं. उलट हिशोब केला तर छपरावर 30 पेलणारी कैची जमिनीवरच्या चाळीसेक पाउंडाच्या गावात चालते. दोन कोटेशन समोर ठेवून एकाने जमिनीवरचा आणि दुसऱ्याने छपरावरचा आकडा लिहिलेला असेल तर किमतीची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. शेतीच्या इमारतींना मानक कमी जोखमीच्या वर्गात टाकतं आणि बऱ्याच राज्यांत शेतीच्या बांधकामाला परमिटमधून सूट असते. पण तीच इमारत पुढे लग्नासाठी भाड्याने द्यायची म्हटली की लोकांची गर्दी आली, वर्ग बदलला, सूट गेली, आणि खांब तर आधीच पुरलेत. वापर आत्ताच खरा सांगावा. बाजूला पुढेमागे पडवी जोडायची असेल तर तेही आत्ताच, कारण उंच छपरावरचा बर्फ घसरून आणि वाऱ्याने वाहून खालच्या छपरावर साचतो आणि तिथला भार कितीतरी वाढतो.

पत्र्याचं काम फक्त पाऊस अडवायचं नसतं. नीट स्क्रू मारलेला पत्रा सगळ्या सांगाड्याला एका ताठ पेटीसारखा धरतो आणि वाऱ्याचा जोर टोकाच्या भिंतींकडे नेतो, पोस्ट-फ्रेमची आधुनिक गणितं बरीचशी यावर उभी आहेत. म्हणून टोकाच्या भिंतीत मावेल तेवढं मोठं दार पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला बिल्डर आधी इंजिनिअरकडे पाठवतो, नुसतं 'होऊन जाईल' म्हणत नाही. जाडी गेजमध्ये सांगतात, आकडा मोठा तितका पत्रा पातळ, 29 गेज साधारण 0.36 मिमी आणि 26 गेज साधारण 0.45 मिमी. स्क्रूचा रबरी वॉशर किंचित फुगेल इतपतच आवळायचा, चेपून बाहेर आला तर काही वर्षांत तिथून गळणार. जुनं काम बघायला गेलात तर छपराच्या कडेचे दहाएक स्क्रू बघा, त्या क्रूचा हात कळतो.

किट : किट म्हणजे सामान, इमारत नव्हे. यादीत सहसा खांब, कैच्या, पट्ट्या, पत्रा, स्क्रू असतात. खड्डे, काँक्रीट, फरशी, मुरूम, परमिट, वीज, इन्सुलेशन बहुतेक वेळा नसतं, दारं कधी असतात कधी नसतात. किमती दिसायला कमी वाटतात त्या म्हणूनच. किटसोबत त्या जागेच्या भारासाठी, त्या राज्यात परवाना असलेल्या इंजिनिअरने शिक्का मारलेली ड्रॉइंग मिळतात का हा किट निवडतानाचा मुख्य प्रश्न. नुसती कैचीची शिक्क्याची शीट दाखवून 'इंजिनिअर्ड' म्हणतात, ती फक्त कैचीची असते, खांब-पाया-जोड त्यात येत नाहीत. मापांचा गोंधळ पण होतो : भिंतीची उंची जमिनीपासून की फरशीपासून, पत्र्याच्या कडेपर्यंत की कैचीच्या खालच्या दांडीपर्यंत, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने मोजते. 14 फुटी वर सरकणाऱ्या दाराला 14 फुटी भिंत पुरत नाही, ट्रॅक आणि स्प्रिंगला वर दीड-दोन फूट लागतात.

स्वतः उभारताना खरा धोका कैच्या चढवताना असतो, पत्रा बसेपर्यंत त्यांना आडवं धरणारं काही नसतं आणि तात्पुरते टेके कमी पडले तर पत्त्यांसारख्या एकामागून एक पडतात. कैच्यांच्या गठ्ठ्यासोबत टेक्यांच्या सूचनांचा कागद येतो, तो तारेला अडकवलेला असतो आणि बहुतेकदा न वाचताच फेकला जातो. खड्ड्याआधी 811 वर फोन करून जमिनीखालच्या लाइनी खुणावून घ्यायच्या, हे फुकट आहे.

बिल्डर : विमा (कामगारांचा आणि लायबिलिटी म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, दोन्ही) कागदावर बघायचा, आणि कागद विमा कंपनीकडून थेट मागवायचा. माणसं स्वतःची की पोटठेकेदाराची हेही विचारावं, पोटठेकेदार वाईटच असतो असं नाही, पण गळती निघाली तर कोणाला फोन करायचा ते ठरलेलं बरं. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे, सामान साइटवर आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, शेवटचा हप्ता काम तपासून. अमेरिकेत मेकॅनिक्स लीन नावाची भानगड आहे, बिल्डरने लाकूडवाल्याचे पैसे बुडवले तर तो लाकूडवाला मालकाच्या जमिनीवर बोजा चढवू शकतो, मालकाने बिल्डरला पूर्ण पैसे चुकते केलेले असले तरी बऱ्याच राज्यांत हे होऊ शकतं. म्हणून प्रत्येक हप्त्यासोबत पुरवठादारांकडून लीन सोडल्याचा लेखी कागद घ्यायचा. वॉरंटी 40-50 वर्षांची म्हणतात ती सहसा रंगाची, वर्षागणिक घटत जाणारी, आणि बदलून बसवायची मजुरी त्यात धरलेली आहे का ते बारीक अक्षरात असतं. खांबाची आणि बर्फ-वाऱ्याची वॉरंटी वेगळी असते, ती लेखी मागावी, आणि इमारत विकल्यावर ती पुढच्या मालकाला लागू राहते का तेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.