मानेवरची गाठ क्षयाची की लिम्फोमाची?

15-16 वर्षांच्या मुलाच्या मानेच्या कडेला एक गाठ येते. ती दुखत नाही, दाबली तर रबरासारखी लागते, आणि काही आठवड्यांत तिच्या शेजारी दुसरी हाताला लागते. संध्याकाळी अंग गरम होते, रात्री घामाने कपडे भिजतात, वजन उतरत जाते. क्षयरोग इतका ओळखीचा असलेल्या आपल्या भागात ही लक्षणे ऐकल्यावर 'टीबीची गाठ' हाच पहिला अंदाज असतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु गाठीचा तुकडा न तपासता नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आजार हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, निघाला, तर त्या मुलाचे मोलाचे महिने वाया जातात.

ही गफलत जुनी आहे. थॉमस हॉजकिन यांनी लंडनमध्ये 1832 साली या आजाराचे वर्णन केले. 1898 मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातील विचित्र, अवाढव्य पेशी नोंदवल्या, तरी त्यांनाही हा क्षयाचाच एक प्रकार वाटला. 1902 मध्ये बाल्टिमोरच्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरने हा आजार क्षयाहून वेगळा असल्याचे ठामपणे मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसते: दोन मोठी केंद्रके आणि प्रत्येकात एक ठळक ठिपका. मात्र गाठीतल्या शंभर पेशींमागे अशी जेमतेम एखादी असते. बाकीची गर्दी तिच्याभोवती जमलेल्या प्रतिकारक पेशींची. सुईने काढलेल्या थेंबभर नमुन्यात ती सापडेलच याची खात्री नसते, म्हणून शक्य असेल तेव्हा अख्खी गाठ काढून बायोप्सी करावी, याबाबत पालकांनी मुळीच संकोच करू नये.

निदान झाल्यावरची बातमी मात्र दिलासा देणारी आहे. 1960च्या दशकात चार औषधांची एकत्रित किमोथेरपी आली आणि तोवर असाध्य मानला जाणारा वाढलेला आजारही बरा होऊ लागला. पण बऱ्या झालेल्या मुलांनी पुढे त्याची किंमत मोजली. छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींपैकी काहींना ऐन तारुण्यात स्तनाचा कर्करोग झाला, काहींचे हृदय कमकुवत झाले, काही मुलांची जननक्षमता गेली. पुढची 60-70 वर्षे जगायची असलेल्या मुलाला नुसते बरे करणे पुरेसे नव्हते, आणि माझ्या मते या क्षेत्रातील खरी प्रगती ही जाणीव झाल्यापासून सुरू झाली.

नवी औषधे त्या घुबडाच्या डोळ्यांच्या पेशीलाच हेरतात. तिच्या पृष्ठभागावर सीडी30 नावाचे प्रथिन असते. ब्रेंटक्सिमॅब हे औषध त्याला चिकटून विष थेट आत पोहोचवते. 2 ते 21 वर्षे वयाच्या, जास्त धोक्याच्या आजाराच्या रुग्णांवरील चाचणीचे निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाले: नेहमीच्या उपचाराने तीन वर्षांनंतर सुमारे 82 टक्के रुग्णांमध्ये आजार उलटला नव्हता, तर ब्रेंटक्सिमॅब असलेल्या उपचारात हे प्रमाण 92 टक्के होते. हीच पेशी पीडी-एल1 हे प्रथिन पुढे करून भोवतालच्या प्रतिकारक पेशींना निष्क्रिय ठेवते. निवोलुमॅब हे दुसरे औषध हा अडसर दूर करते. एरवी किशोरवयीन रुग्ण लहान मुलांचा विभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्यामध्ये कुठेतरी अडकतात, पण निवोलुमॅबच्या चाचणीत 12 वर्षांपासून पुढचे सगळे एकत्र होते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालांत निवोलुमॅबने ब्रेंटक्सिमॅबलाही मागे टाकले, आणि रेडिएशनची गरज शंभरात एकालाही धड पडली नाही.

अडचण किमतीची आहे. या औषधांचा खर्च सामान्य घराच्या आवाक्यात नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके व मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची अवघी 20 मिलिग्रॅमची मात्रा वापरून उपयोग दाखवला आहे, आणि उलटलेल्या हॉजकिनमध्ये रशियातील डॉक्टरांना 40 मिलिग्रॅमचाही चांगला गुण आलेला दिसला. पहिल्यांदाच निदान झालेल्या मुलांनाही इतकी थोडी मात्रा पुरते का, या प्रश्नाचे उत्तर श्रीमंत देशांना तातडीने नको असेल. आपल्याला हवे आहे, आणि त्यासाठीची चाचणी आपल्याच रुग्णालयांनी हाती घ्यायला हवी.