गिऱ्हाईक कोणाच्या वहीत?

पणत्या रंगवून, पैठणीच्या कापडाच्या पर्स शिवून किंवा मराठीत लिहून घरबसल्या कमवायचं ठरवलं, की नाशिकमधली नवी मंडळी सगळ्यात आधी नाव, लोगो आणि इन्स्टाग्रामचं पान यांच्या मागे लागतात. त्यांच्याशी बोलताना मला येवल्याचे माग आठवतात. या धंद्याचा अवघड प्रश्न तिथे फार आधी पडलेला होता. वस्तू घडवतो एक, पण गिऱ्हाईक नोंदलेलं असतं दुसऱ्याच्या वहीत.

येवला नाशिक शहरापासून 80-85 किलोमीटरवर. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया पक्षी वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाच्या कांड्या हाताने फिरवून विणतात, म्हणून एका साडीला कधी महिना, तर भरजरी पदर असेल तर कित्येक महिने लागतात. एवढा काळ भांडवल अडकवून ठेवणं घरच्या मागावर बसणाऱ्याला परवडत नसे. रेशीम आणि जर व्यापारी द्यायचा, विणकराला मजुरी मिळायची. साडी कोणाच्या लग्नात नेसली गेली, हे दुकानदाराला ठाऊक, विणणाऱ्याला नाही. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने कापडाच्या नावाला संरक्षण आलं, पण ही वही काही विणकराच्या हाती आली नाही.

दुसरा धडा दादासाहेब फाळक्यांचा. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. चित्रपटाआधी त्यांचा छपाईचा धंदा होता आणि भागीदारांशी न पटल्याने त्यांनी तो सोडला होता. सिनेमासाठी पैसा उभा करताना त्यांनी मोठमोठी वर्णनं ऐकवली नाहीत. वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती छोटी फिल्म पैसेवाल्यांना दाखवली. नवा उद्योग सुरू करणाऱ्याने इतकं जरी शिकलं तरी पुरे, असं मला मनापासून वाटतं: आधी लहान, पूर्ण आणि डोळ्यांना दिसणारा नमुना, मग बाकीचं. घरचे दागिनेही त्यात गेले. पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा केवळ दागिन्यांपुरता नव्हता, फिल्म धुण्यापासून माणसांच्या जेवणापर्यंतची कामं त्यांनी पेलली. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि त्यानंतर फाळक्यांनी सगळा कारखाना नाशिकला हलवला. 1918 मध्ये मुंबईच्या भांडवलदारांसोबत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. कल्पना फाळक्यांची, हिशेब भागीदारांचे. थोड्याच काळात मतभेद झाले आणि ते कंपनी सोडून काशीला गेले. पुढे परत आले, पण धंद्याची सूत्रं पूर्वीसारखी त्यांच्याकडे राहिली नाहीत.

दूरच्या अनोळखी माणसाला माल विकण्याची सोय मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीची. 1877 मध्ये भारतीय टपाल खात्याने व्हीपीपी सुरू केली: पोस्टमन पार्सल देणार, पैसे घेणार आणि ते विकणाऱ्याकडे पोचवणार. मराठी पुस्तकं आणि औषधं अशीच गावोगाव गेली. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीचं मूळ रूप तेच, आणि त्यात पत्ता विकणाऱ्याच्या वहीत राहायचा. हा फरक लहान नाही.

15 ऑगस्ट 1995 पासून सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागलं. सुरुवातीला मराठी वाचायची म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यायचा. तो नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हं दिसायची, आणि शोध घेणाऱ्याला तो मजकूर सापडायचाही नाही. सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दिसावीत यासाठीच्या युनिकोड या पद्धतीत देवनागरी 1991 पासून होती, पण घरच्या संगणकावर ती रुळायला बरीच वर्षं गेली. ती रुळली तेव्हा मराठी ब्लॉग भराभर निघाले. पण पैसा? गुगलची अॅडसेन्स ही जाहिरातसेवा 2003 ची, आणि मराठी मजकुरासाठी ती खुली झाली 2018 मध्ये. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे उत्पन्न पहिल्यापासून शक्य होतं, ते मराठीत लिहिणाऱ्याला 15 वर्षं नव्हतं. मराठी ब्लॉग हौसेपुरता राहिला म्हणून लिहिणाऱ्यांना नावं ठेवली जातात, ती मला अन्यायाची वाटतात.

मधल्या काळात वस्तू विकणारे पुढे गेले. 2016 मध्ये एप्रिलला यूपीआय आलं, सप्टेंबरला जिओचा स्वस्त डेटा आला. साडीचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, गिऱ्हाइकाने रंग निवडायचा, पैसे त्याच मोबाईलवर यायचे. मागावरचा माणूस नेसणाऱ्या बाईशी थेट बोलू शकेल अशी सोय आता हाताशी होती.

मग 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. हजारोंच्या संख्येने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला, कारण त्यातल्या कोणाचाच नंबर किंवा ईमेल व्हिडिओ बनवणाऱ्याकडे नव्हता. त्याआधी 2014 मध्ये ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झालं होतं, तिथल्या मराठी गटांचंही तेच झालं. वही पुन्हा दुसऱ्याकडेच होती, फक्त व्यापाऱ्याच्या जागी कंपनी आली होती. म्हणून वाढीचं नियोजन करताना मी फॉलोअर किती हे शेवटी विचारते. आधी विचारते, मागच्या दिवाळीत ज्यांनी घेतलं त्यांची यादी आहे का, आणि स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घेतलंय का.

सरकारी नियमही याच खेळातले. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या ऑनलाइन बाजारांतून माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी सक्तीची होती. नाशिकमधल्या सातपूरच्या एखाद्या घरात तोरणं बनवणाऱ्या बाईला ही पायरीच चढवत नसे. 1 ऑक्टोबर 2023 पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या विक्रेत्यांना राज्यांतर्गत मालविक्रीसाठी त्यातून सूट मिळाली. ती राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. नाशिकहून सुरत नागपूरपेक्षा कितीतरी जवळ, पण सुरतचं गिऱ्हाईक या सवलतीत बसत नाही.