७५ वॅटचा हिशेब : गावची सायकल अंगाला आणि रस्त्याला जुळवताना

खास सराव नसलेला, पण धडधाकट माणूस धाप न लागता तासभर सायकल चालवतो, तेव्हा त्याच्या पायांतून पॅडलपर्यंत साधारण ७५ वॅट शक्ती पोहोचते. घरात छताला लटकणारा जुना पंखा जवळपास तेवढीच वीज खातो. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये पाळीला जाणारा कामगार असो की गावाबाहेर चार किलोमीटरवरच्या शाळेत जाणारी नववीतली पोर, रोजच्या प्रवासाचं भांडवल एवढंच. पोरीकडे तर याहूनही कमी. हे भांडवल वाढवायला महिने लागतात. वाया जाणारा भाग वाचवायला मात्र एक पान्हा, एक चांगला पंप आणि अर्धा दिवस पुरतो.

मेळघाट आणि बुलढाण्याकडचे घाट सोडले, तर विदर्भातला बराचसा रस्ता सपाट किंवा हलक्या चढ-उताराचा आहे. इथे सायकलस्वाराला अडवतात त्या मुख्यतः दोन गोष्टी : टायरचं रस्त्यावर दबणं आणि समोरची हवा. माणूस ६० किलोचा आणि जुन्या धाटणीची, दांड्याची सायकल २० किलोची धरू. डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जाताना टायर साधारण ३३ वॅट खातात आणि हवा २५. बेरीज ५८. म्हणजे ७५ मध्ये आरामात भागतं. आता समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा येऊ द्या. तोच वेग टिकवायला १०० वॅट लागतात. तेवढे पायांत नसतात, म्हणून वेग आपोआप १२ वर उतरतो आणि माणसाला वाटतं, सायकलच जड चालते आहे. हे आकडे ढोबळ आहेत, पण पैसा आणि मेहनत कुठे लावायची ते यांवरून नीट कळतं.

पहिली मेहनत सीटवर करावी, असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे खर्च शून्य आहे. गावात कोणतीही दहा सायकली पाहा, निम्म्यांहून जास्त सीट खाली बसवलेल्या दिसतील. मुलींच्या सायकलींची तर बहुतेक सगळ्याच. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा घरातल्या मोठ्यांचा आग्रह असतो. काळजीपोटीच तो असतो, पण त्याची किंमत रोज गुडघे मोजतात. सीट खाली असली की पॅडल वर आल्यावर गुडघा फार दुमडतो. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. शिवाय मांडीचे स्नायू त्यांच्या सोयीच्या लांबीत काम करत नाहीत, त्यांना पुरता जोर लावता येत नाही, आणि तेवढ्याच अंतरासाठी शरीराला जास्त ऑक्सिजन खर्चावा लागतो. शाळेत पोहोचलेल्या पोरीच्या गुडघ्यापुढे दुखत असेल, तर डॉक्टरआधी सीट पाहावी.

इंग्लंडमधल्या हॅमली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ साली वेगवेगळ्या उंचीच्या सीटवर लोकांना पॅडल मारायला लावून एक माप सुचवलं. टाचेपासून जांघेपर्यंत पायाची लांबी मोजायची. सर्वांत खाली गेलेल्या पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर त्या लांबीच्या १०९ टक्के ठेवायचं. पाय ७० सेंटिमीटरचा असेल तर हे अंतर ७६ सेंटिमीटरच्या थोडं वर येतं. पुढच्या अभ्यासकांनी गुडघ्याच्या कोनावर भर दिला : पॅडल तळाला असताना पाय पूर्ण ताठ न होता गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा. माप घ्यायला टेप नसला, तरी एक साधी खूण आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल तळाला न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप राहतो. कंबर दोन्ही बाजूंना डुलत असेल किंवा गुडघ्यामागे ताण येत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे.

आपल्या रस्त्यांवर म्हशी आडव्या येतात, ट्रॅक्टरला वाट द्यावी लागते, पाय पुन्हा पुन्हा टेकवावा लागतो. म्हणून या मापाच्या दोन सेंटिमीटर खाली राहिलं तरी चालेल. मुलीला थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायची सवय एकदा लावली, की उंच सीटची भीती जाते. ही सवय दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. एकच सायकल बाप सकाळी वावरात नेत असेल आणि मुलगी दुपारी शाळेत, तर सीटच्या नळीवर दोघांच्या मापाच्या दोन खुणा ऑइलपेंटने करून ठेवाव्यात. पान्हा कॅरिअरला बांधलेला असला की बदल मिनिटभराचा. नळीवर कंपनीने कोरलेली मर्यादेची रेघ मात्र बाहेर दिसता कामा नये. तेवढी नळी आत नसेल, तर खड्ड्यात सांधा वाकतो किंवा तुटतो.

हँडल वर-खाली करताना एक लक्षात असू द्या. दांड्यांचे ब्रेक असलेल्या सायकलीत हँडल हललं की ब्रेकच्या सळयांची लांबीही बदलते. हँडल उचललं आणि सळया तशाच सोडल्या, तर ब्रेकचे गट्टे रिमला घासत राहतील किंवा लागणारच नाहीत.

आता टायर. हिशेबातला सर्वांत मोठा खर्च हा आहे. मागच्या चाकावर ५० किलो भार आणि हवेचा दाब ४५ पौंड (दर चौरस इंचाला) असेल, तर टायरचा साधारण १६ चौरस सेंटिमीटरचा भाग रस्त्याला टेकतो. हवा २५ पौंडांवर आली की तोच भाग २८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. चाक फिरताना रबराचा प्रत्येक तुकडा तिथे येऊन वाकतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. वाकताना रबर जेवढी ऊर्जा घेतं, तेवढी सरळ होताना परत देत नाही. मधली ऊर्जा उष्णता होऊन जाते. कमी हवेच्या चाकात हे वाकणं खूप वाढतं, आणि आपले ७५ वॅट रबर गरम करण्यात खपतात.

उन्हाळ्यात मात्र चंद्रपूर-अकोल्याकडचे लोक मुद्दाम हवा कमी ठेवतात. उन्हाने हवा फुगते आणि टायर फुटतो, ही समजूत त्यामागे आहे. हवा फुगते हे खरं आहे. किती, ते मोजून पाहू. सकाळी २७ अंशांना ४५ पौंड हवा भरली आणि दुपारी पारा ४७ वर गेला, तर दाब ४९ पौंडांच्या आसपास होतो. उन्हात उभ्या सायकलीचा टायर ६७ अंशांपर्यंत तापला असं धरलं, तरी ५३. धड टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतो तो उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ओझोनने भेगाळलेला, कडेला दोरे दिसू लागलेला टायर. नाहीतर रिमच्या कडेत चिमटलेली ट्यूब, किंवा उष्णतेने सोल्युशन मऊ पडून सुटलेला जुना पॅच. कमी हवेमुळे कड जास्त वाकते आणि असाच टायर लवकर मरतो. म्हणून उन्हाळ्यातही टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत, पण पुरेशी हवा ठेवावी आणि सायकल कडुनिंबाच्या सावलीत लावावी. टायरला भेगा दिसू लागल्या की एप्रिल लागायच्या आत तो बदलावा.

हवा आपोआप कमी होत असेल तर आधी व्हॉल्व्ह तपासा. जुन्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. इकडच्या उन्हात ती वर्षभरात कडक होते आणि चिरते. तोंडावर थोडी थुंकी लावली आणि बुडबुडा आला, तर काही रुपयांची नळी बदलून काम भागतं. कित्येकदा लोक याला पंक्चर समजून ट्यूब सोडवत बसतात.

काट्यांचं काय करायचं? सराटे, बाभळीचे काटे, बोराटी, आणि काढणीनंतर धुऱ्यावर पडलेले पऱ्हाटीचे टोकदार खुंट. सराट्याची रचना अशी असते की तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. याला गावागावांत चालणारा उपाय मला पटतो : जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये अंथरायची. रबराचा थर वाढला की वाकण्यात जाणारी ऊर्जाही थोडी वाढते, हे कबूल. पण रोज पांदणीतून जाणाऱ्याला तो सौदा परवडतो. पट्टीची टोकं तासून पातळ करावीत, नाहीतर जोडावरची जाड कड ट्यूबला घासून तिथेच भोक पाडते.

वाऱ्याला कमी करता येत नाही, पण गिअर बदलता येतो. गिअरची सायकलच घ्यायला हवी असं मुळीच नाही. दांड्याच्या सायकलीला पुढे पॅडलजवळच्या चकतीला बहुधा ४४ दाते आणि मागच्या चाकावरच्या चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ असतात. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. वाऱ्यात वेग १२ वर आला की पाय मिनिटाला फक्त ३७ फेरे मारतात, आणि प्रत्येक फेरा रेटून मारावा लागतो. एवढ्या कमी शक्तीच्या प्रवासात पायांना ५० ते ६० फेरे सोयीचे पडतात. फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवलं तर एका फेऱ्यात साडेचार मीटर अंतर कटतं. मग त्याच वाऱ्यात फेरे ४५ होतात आणि प्रत्येक फेऱ्यातला जोर १८ टक्क्यांनी उतरतो. शक्ती तेवढीच लागते, पण ती गुडघ्यावर धक्के न देता जाते. उतारावर वेग थोडा कमी मिळेल, पण शाळेच्या किंवा कामाच्या वाटेवर त्याने काही अडत नाही. फ्रीव्हील खोलायला वेगळं हत्यार लागतं, ते काम दुकानातच करून घ्यावं. चेनला एखादी कडी वाढवावी लागेल.

दुपारी जमीन तापली की वरच्या थरातला वेगवान वारा खाली मिसळतो, म्हणून सकाळची हवा शांत आणि दुपारची जोराची असते. शाळा पश्चिमेला असलेल्या पोरीला पावसाळ्यात जाताना समोरून वारा लागतो, तर घर पश्चिमेला असणारीला परतताना, थकल्यावर. त्या दुसरीला मोठं फ्रीव्हील आधी बसवून द्यावं.

चेन तपासायला शाळेतली बारा इंचांची फूटपट्टी पुरते. सायकलच्या चेनमध्ये लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणून एका पिनेच्या मध्यापासून मोजलेली चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती एक सूत (इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन झिजली आहे, ती बदला. अशी चेन चालवत राहिलं तर ती दाते खाते आणि मग सगळंच बदलावं लागतं. जळालेलं इंजिन ऑइल चेनवर ओतायची पद्धत सोडावी, कारण त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते. पातळ, स्वच्छ तेलाचा एकेक थेंब प्रत्येक जोडावर सोडून वरचं तेल फडक्याने पुसून घेतलं, की धूळही कमी चिकटते.

पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल ढकलताना चाक फिरेनासं होतं, हे इथे प्रत्येकाने भोगलं आहे. ही माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या कणांतले पापुद्रे पाणी आत घेऊन फुगतात, आणि ओली माती टायरला चिकटून थरावर थर चढतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात जागा कमी असली की तिथे चिखल घट्ट बसतो आणि गट्ट्यांपेक्षा तोच जास्त ब्रेक लावतो. जूनच्या आधी मडगार्डच्या सळया ढिल्या करून ते बोटभर वर घ्यावं. जागाच नसेल, तर पांदण वापरणाऱ्याने चार महिने पुढचं मडगार्ड काढून ठेवावं. चिखल ओला असताना खरवडत बसू नये. तो वाळला की आकसतो आणि लाकडाने ठोकला की ढलप्या होऊन पडतो. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने हब आणि पॅडलच्या छर्ऱ्यांमधलं ग्रीस निघून जातं. बादलीभर पाणी आणि ब्रश बरा.

ओझं पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरवर घ्यावं. पाठीवरच्या दप्तराखाली घाम सुकत नाही. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पॅडलला देतं, बाकीची उष्णता होते, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम सुकणं हाच आहे. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे आणि शक्य तितके खाली लटकवावेत. ओझं वाढलं की मागच्या टायरमध्ये त्या प्रमाणात हवाही वाढवावी. दुपट्टा किंवा ओढणी लोंबती ठेवू नये. मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर नसेल, तर मुलीच्या सायकलला ते आधी बसवून घ्या.

पावसात स्टीलच्या रिमवर रबरी गट्टे फार कमी पकडतात. थांबायच्या जागेच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यावं, मग जोर लावावा. पुढचा ब्रेक घाबरून बंद ठेवणारे बरेच आहेत. थांबताना भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून खरी पकड पुढेच मिळते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबावेत.

जुना डायनामो ३ वॅटचा दिवा लावतो, पण टायरवर घासून पायांकडून त्याच्या दुप्पट किंवा जास्त शक्ती घेतो. चार्जिंगची एलईडी बॅटरी हँडलला थोडी खाली झुकवून बांधली तर ती शक्ती वाचते. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. त्याच्या आत एकमेकांना काटकोनात असलेले छोटे पृष्ठभाग असतात. त्यांवर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परततो, म्हणून ट्रकवाल्याला सायकल लांबून दिसते. मात्र वर धूळ बसली की तो निकामी, तेव्हा रोज हात फिरवावा. पॅडलच्या पुढच्या-मागच्या कडांना पिवळ्या पट्ट्याही लावाव्यात. त्या वर-खाली हलतात, आणि अंधारात समोर सायकल चालली आहे हे ड्रायव्हरला लगेच ओळखू येतं.