शीतक तापमान नियंत्रण (फेरफार केलेल्या स्पोर्ट्स कारमधील)

शीतक तापमान नियंत्रण : मूळ रचनेपेक्षा अधिक शक्ती मिळावी म्हणून फेरफार केलेल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनातील शीतकाचे (इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचे) तापमान साधारणपणे ८५° ते १०५° से. या पट्ट्यात राखण्याची पद्धत. गॅरेजमध्ये ‘शीतक’ हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे कुलंट म्हणतात, आणि जुने मेकॅनिक नुसते ‘पाणी’ म्हणतात. पुणेकराची गाडी ‘तापते’, तर हिंदीच्या शेजारामुळे इंदूरकराची ‘गरम होते’. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे इंदूर परिसरातील आहेत.

रेडिएटरचे (शीतकाची उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीचे) जनकत्व वादग्रस्त आहे. लोकप्रिय लेखनात ते कधी सेंट पीटर्सबर्गच्या सान गाली यांच्याकडे दिले जाते; पण त्यांचे १८५५ च्या सुमाराचे उपकरण खोल्या उबदार ठेवण्यासाठी होते, त्यामुळे येथे नाम सारखे असले तरी वस्तू वेगळी ठरते. कार्ल बेंझ यांच्या १८८५-८६ च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफेवाटे उष्णता बाहेर जाई आणि वाटेत पुन्हा पाणी भरावे लागे. आजच्या अर्थाचा रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांचा नळ्यांचा रेडिएटर १८९७ च्या सुमाराचा. १९००-०१ मधील ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये त्यांनी ६ × ६ मिमी. छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या डाखून मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली. त्यामुळे पाण्याची गरज १८ लिटरवरून ९ लिटरवर आली. म्हणजे प्रश्न पाणी किती, याऐवजी हवा किती व कोठून, असा झाला. फेरफारांच्या बाबतीत आजही तोच मुख्य प्रश्न आहे.

जबरदस्तीने हवा भरणारी इंजिने इंदूरला नवी नाहीत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या संग्रहात सुपरचार्जर (इंजिनाच्याच शक्तीने चालणारा हवेचा पंप) बसवलेली ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकी मोटार होती.

इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग चाकांकडे, एक-तृतीयांश धुराड्यातून व उरलेला मुख्यतः शीतकाकडे जातो. टर्बोचा (धुराच्या झोताने फिरून इंजिनात हवा भरणाऱ्या पंपाचा) दाब वाढवून शक्ती वाढवली की शीतकाचा वाटाही वाढतो. शिवाय इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी) बहुधा रेडिएटरच्या पुढे बसतो आणि त्याची गरम हवा मागच्या जाळीवर येते. त्यात हवामानाची भर पडते. जाळी ९५° से. वर असताना १५° च्या हवेशी फरक ८०° राहतो. मे महिन्यातील ४२° च्या इंदुरात तो ५३° उरतो. माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मी. उंचीवर तापलेली हवा समुद्रसपाटीवरील १५° च्या हवेपेक्षा १४-१५ टक्के विरळही असते. दोन्ही मिळून तोच रेडिएटर साठ टक्क्यांच्या आसपासच काम करतो.

शीतकात पाणी व एथिलीन ग्लायकॉल निम्मेनिम्मे असते. असे मिश्रण सुमारे १०७° ला उकळते, १.१ बार दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली हा बिंदू १२५° च्या पुढे जातो. म्हणून दहा-बारा वर्षे वापरलेले सैल झाकण बदलणे हा सर्वांत स्वस्त फेरफार होय. शुद्ध पाणी उष्णता जास्त वाहून नेते, पण गंजरोधक नसल्यास ॲल्युमिनियम खाते. बोरिंगचे पाणी तर मुळीच घालू नये. बेसाल्टी खडकातून येणाऱ्या जड पाण्याचा पांढरा क्षार जाळीच्या आत बसतो.

थर्मोस्टॅटबाबत (ठराविक तापमानाला उघडून शीतक रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हबाबत) मतभेद आहेत. ‘व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी गार राहील’ हा सल्ला सर्रास मिळतो. उलट पक्ष म्हणतो की व्हॉल्व्ह नसला तर पाणी जाळीतून इतक्या वेगाने जाते की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. हे कारण भौतिकीला धरून नाही, कारण तेच पाणी पुन्हा पुन्हा जाळीत येते. मात्र व्हॉल्व्ह ठेवावा हा निष्कर्ष योग्य दिसतो. त्याच्या अडथळ्यामुळे इंजिनाच्या ब्लॉकमधील दाब टिकतो आणि त्यावरच्या हेडमध्ये जागोजागी उकळी फुटत नाही. ८८° ऐवजी ७६° ला उघडणारा व्हॉल्व्ह घातल्याने क्षमता वाढत नाही, फक्त आरंभबिंदू खाली येतो.

मोठ्या ॲल्युमिनियम जाळीपेक्षा हवेची वाट बंदिस्त करणे बहुधा अधिक फलदायी ठरते. बंपरमधून आलेली हवा जाळीच्या कडेने पळते. तेथे स्पंजपट्टी व पत्रा लावला की तीच जाळी वेगळी वागते. बॉनेटची मागची कड वायसर घालून उचलण्याची हौस मात्र फसवी आहे : वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत येऊ पाहते. गरम हवा बाहेर सोडणारा झरोका बॉनेटच्या पुढच्या भागात हवा.

कसोटीच्या जागा वेगवेगळ्या आहेत. इंदूरजवळच्या पीथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किमी. च्या धावपट्टीवर, जी २०२१ मध्ये खुली झाली, हवा भरपूर पण भारही अखंड असतो. इंदुरातील राजवाडा भागाच्या गर्दीत सारे पंख्यावर चालते. सर्वांत कठीण म्हणजे ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाची चढण : लहान गिअर, चढे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), पुढे मालट्रक आणि हवा नाममात्र.

डॅशबोर्डवरील काटा विश्वासार्ह नसतो. बऱ्याच गाड्यांत तो साधारण ८०° ते १००° दरम्यान मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. त्याऐवजी ओबीडी (गाडीच्या संगणकाची निदान) जोडणीतील ०५ क्रमांकाचे मूल्य, म्हणजे शीतकाचे तापमान, वाचावे. कुलंट गळून गेल्यास संवेदक कोरडा पडून तापमान उतरल्यासारखेही दाखवतो. जाळी बदलल्यावर इंजिन गार असताना गाडीचे नाक उंचावून, झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू करतात आणि वरचा होज (रबरी नळी) दाबत हवा काढतात. बुडबुडे थांबले की काम झाले. ते थांबतच नसतील, आणि आरपीएम चढवताच वाढत असतील, तर हेड गास्केट (हेड व ब्लॉक यांमधील सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेलेले असण्याचा संभव आहे.