सिडनी हार्बर ब्रिज : पायी फुकट, गाडीला टोल, कमानीवर तिकीट

सिडनीला गेलेला माणूस हार्बर ब्रिज बघतोच. पूर्वेकडच्या पदपथावरून चालत गेले तर काही पडत नाही, आणि जाळीतून ओपेरा हाउस पूर्ण वेळ दिसत राहते. वाटेत पुलाच्या आग्नेय टोकाच्या दगडी मनोऱ्यात शिरून दोनशे पायऱ्या चढायच्या असतील तर बेताचे तिकीट आहे. पोलादी कमानीच्या माथ्यावर जायचे असेल तर माणशी तीनशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजायची तयारी हवी. गाडीचा हिशेब आणखी वेगळा. शहरातून उत्तरेला जाताना टोल नाही, उत्तरेकडून शहरात येताना आहे. एकाच पुलाचे असे चार दर कसे झाले, हे समजून घ्यायचे तर अभियांत्रिकीपेक्षा पैशांचा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

बांधकामाची कहाणी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. १९२३ मध्ये काम सुरू झाले. दोन्ही किनाऱ्यांवरून अर्धी-अर्धी कमान पाण्यावर पुढे सरकत आली. प्रत्येक अर्ध्या कमानीला मागून १२८ पोलादी दोरांनी बांधून ठेवले होते. १९ ऑगस्ट १९३० च्या रात्री दोन्ही टोके जुळली आणि १९ मार्च १९३२ रोजी पूल खुला झाला. कमानीचा गाळा ५०३ मीटर, माथा समुद्रापासून १३४ मीटर उंच. उद्घाटनाच्या दिवशी घोड्यावरून आलेल्या एका गणवेशधाऱ्याने राज्याच्या प्रमुखाआधीच तलवारीने फीत कापली, हा किस्सा प्रत्येक गाइड सांगतोच. सुमारे ६० लाख रिव्हेट, म्हणजे पोलादाचे भाग जोडणारे जाड खिळे, ज्यांनी ठोकले, त्यांच्याबद्दल मात्र कमी बोलले जाते. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करायचा आणि चिमट्याने फेकायचा. दुसरा तो बादलीत झेलायचा, आणि तो थंड व्हायच्या आत भोकात बसवून ठोकला जायचा. झेल चुकला की लालभडक रिव्हेट खाली पाण्यात. पुलाच्या एकूण कामावर १६ कामगार मेले. शिवाय दोन्ही काठांवरची सुमारे ८०० कुटुंबे उठवली गेली. घरमालकांना भरपाई मिळाली, भाडेकरूंच्या हाती काही आले नाही. पुलाच्या खर्चाचा ताळेबंद मांडताना ही बाजू सहसा धरली जात नाही.

ताळेबंदात धरलेला खर्च सुमारे सव्वासहा दशलक्ष पौंड होता. तो दोन वाटांनी वसूल करायचे ठरले. पुलामुळे ज्यांच्या जमिनींचा भाव वाढणार, त्या भागांतल्या जमीनमालकांवर आधीच कर बसवला गेला. उरलेली भिस्त टोलवर. सुरुवातीला मोटारीला ६ पेन्स आणि घोडेस्वाराला ३ पेन्स असा दर होता. १९३२ म्हणजे जागतिक मंदीचा ऐन काळ. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, मोटारी मोजक्या होत्या. कर्ज फिटायला अर्धे शतक उलटून गेले यात नवल नाही.

मधल्या काळात दोन बदल झाले, ते आजच्या पाहुण्याला जाणवतात. १९५८ मध्ये पुलावरची ट्राम बंद पडली आणि पूर्वेकडच्या तिच्या रुळांच्या जागी मोटारींच्या दोन मार्गिका आल्या. गाड्यांच्या एकूण मार्गिका आठ झाल्या त्या तेव्हा. पश्चिमेकडचे रेल्वेचे रूळ राहिले, म्हणून आजही शहरातल्या विनयार्ड स्टेशनहून उत्तर काठावरच्या मिल्सन्स पॉइंटला जाताना लोकलच्या खिडकीतून कमानीचे पोलाद जवळून बघायला मिळते. दुसरा बदल १९७० चा. उत्तरेकडे जाताना टोल घेणे बंद झाले आणि फक्त दक्षिणेकडे येताना घ्यायला लागले. जो सकाळी शहरात येतो तो संध्याकाळी परत जाणारच, मग दोनदा थांबवायचे कशाला, असा साधा हिशेब. नाक्यावरचे थांबे निम्म्यावर आले. वाहतुकीच्या दृष्टीने या पुलावर घेतलेला हा बहुधा सर्वांत शहाणा निर्णय.

खरा वाद १९८० च्या दशकातला. पुलाची क्षमता संपत आली होती, म्हणून बंदराखालून बोगदा काढायचे ठरले. बोगदा खासगी कंत्राटदार बांधणार, तीस वर्षे चालवणार आणि मग सरकारला परत देणार. त्याला लागणारा पैसा पुलाच्या टोलमधून उभा करायचा होता. म्हणून १९८७ मध्ये टोल २० सेंटवरून थेट १ डॉलरवर गेला. पाचपट. बोगद्यातून एकही गाडी गेलेली नसताना त्याचे पैसे पुलावरून जाणारे भरू लागले. वर, बोगद्यातून अपेक्षेइतक्या गाड्या गेल्या नाहीत तर उत्पन्नातली तूट सरकार भरून देईल, अशी हमीही करारात होती. म्हणजे धोका जनतेचा आणि करार खासगी.

आणि नेमक्या पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, पुलाचे मूळ कर्ज फिटले.

टोल हटण्याची ती वेळ होती, असे मानणारे सिडनीत आजही पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही. पूल बांधायला पैसे लागले म्हणून टोल लावला, पैसे फिटले, मग टोल का? सरकारी बाजूचे उत्तर असे की पूल आणि बोगदा ही एकाच खाडीवरची दोन दारे आहेत. एका दारावर पैसे आणि दुसरे फुकट ठेवले तर सगळी गर्दी फुकटच्या दारावर. हा युक्तिवाद वाहतुकीपुरता बिनतोड आहे. पण त्यातून इतकेच सिद्ध होते की दोन्हीकडे दर सारखा हवा. तो दर शून्य का नको, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

बोगदा ऑगस्ट १९९२ मध्ये सुरू झाला. जाता जाता : त्यातला धूर बाहेर काढायला पुलाच्या उत्तरेकडच्या दगडी मनोऱ्यांचा धुराड्यासारखा उपयोग करून घेतला आहे. हे चारही मनोरे तसे शोभेचेच, कमानीचा भार त्यांच्यावर नाही. साठ वर्षांनी त्यांतल्या उत्तरेच्या दोघांना हे काम मिळाले.

जानेवारी २००९ मध्ये रोख टोल बंद होऊन सगळे इलेक्ट्रॉनिक झाले आणि वेळेनुसार दर आले, गर्दीच्या वेळी ४ डॉलर, रात्री कमी. टोलनाके गेले, त्यामुळे भाड्याची गाडी घेतलेल्या पाहुण्याला आपण टोल भरला हेच कळत नाही. ते पुढे भाड्याच्या बिलात, बहुतेकदा वरच्या शुल्कासकट, दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये तीस वर्षे संपून बोगदा सरकारकडे आला. आता तरी, असे पुन्हा वाटले. टोल राहिला. उलट ऑक्टोबर २०२३ मध्ये चौदा वर्षांनी पहिल्यांदा दर वाढले आणि गर्दीच्या वेळेचा टोल ४ डॉलर २७ सेंटवर गेला. या वेळचे कारण नवेच होते. सिडनीतल्या महामार्गांवर रोज टोल भरणाऱ्यांना आठवड्याला ६० डॉलरच्या वरचा टोल परत देण्याची योजना आली, आणि तिच्यासाठी हा वाढीव पैसा. म्हणजे आधी पुलासाठी, मग बोगद्यासाठी, आता भलत्याच रस्त्यांच्या टोलसाठी. २०२४ मध्ये टोलव्यवस्थेच्या एका स्वतंत्र आढाव्याने तर पूल आणि बोगद्यावर उत्तरेकडे जातानाही टोल घ्यावा, अशी शिफारस केली. १९७० मध्ये मिटवलेला विषय असा पुन्हा उकरला गेला.

कमानीवर चढण्याची गोष्ट याच काळाची. पूर्वी वर जायचे ते रंगारी, रिगर (उंचावर दोर-तारा बांधणारे कामगार) आणि रात्री लपूनछपून चढणारी तरुण पोरे. रिगरांपैकी एक पुढे विनोदी नट म्हणून हॉलिवूडपर्यंत पोहोचला. १९८९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या पाहुण्यांना खास परवानगीने वर नेण्यात आले, आणि ते घडवून आणणाऱ्या व्यावसायिकाच्या डोक्यात हा धंदा शिरला. परवानग्या मिळवण्यात जवळजवळ दशक गेले. सगळ्यांत मोठी भीती होती वरून काही पडण्याची. खाली आठ मार्गिका वाहतात, एखादे नाणे पडले तरी काच फुटायची. १ ऑक्टोबर १९९८ ला पहिले प्रवासी चढले ते या भीतीतून आलेल्या नियमांसह, आणि ते नियम अजून जाणवतात. घड्याळ, नाणी, स्वतःचा कॅमेरा खालीच ठेवायचा. पुलात मिसळून जाईल असा राखी-निळसर झगा अंगावर. चष्म्याला दोरी, आणि रुमालसुद्धा मनगटाला बांधलेला. कमरेच्या पट्ट्याचा आकडा सुरुवातीलाच पोलादी तारेत अडकतो तो खाली येईपर्यंत सुटत नाही. तिकिटाच्या दरावर कुरकुर करणाऱ्यांनी हा बंदोबस्तही लक्षात घ्यावा, तरी दर चढाच आहे हे खरे. हा धंदा शोधून काढणाऱ्याकडून २०१८ मध्ये तो नव्या कंत्राटदाराकडे गेला.

मनोऱ्याचे वय यापेक्षा जास्त. आग्नेयेच्या मनोऱ्यात १९३४ पासूनच प्रदर्शन होते, युद्धात तिथे विमानविरोधी बंदोबस्त आला, नंतर बंद-चालू होत आज तिथे छोटे संग्रहालय आहे. वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे असतील तर हाच मार्ग बरा. पुलाच्या दक्षिण टोकाच्या द रॉक्स या जुन्या वस्तीतल्या कंबरलँड स्ट्रीटवरून जिना चढून पदपथावर यायचे, मनोरा करायचा आणि पुढे मिल्सन्स पॉइंटपर्यंत चालत जायचे. परतीला लोकल आहे.